सात वर्षांचा कित्ता

१

मेलेल्या माणसाने गेल्या शुक्रवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी काम केलं होतं, आणि तेही चोख.

निदान अक्काने भावाच्या टेबलावर आपटलेल्या गठ्ठ्यात तरी तसंच छापलेलं होतं. वर नाव तिच्या मुलाचं, खाली तारीख आणि वेळ, त्याखाली कॉम्प्युटरच्या भाषेतल्या वीसएक ओळी. असे तेवीस कागद. सगळे गेल्या तीन महिन्यांतले. आणि मुलगा तर सात वर्षांपूर्वी सकाळी तळ्यावर पोहायला गेला, काठावर कपडे, चष्मा आणि घड्याळ ठेवून पाण्यात उतरला, तो परत वर आला नव्हता. पाणबुड्यांनी नऊ दिवस तळ ढवळला. हाती काही लागलं नाही.

"भाऊ, तो जिवंत आहे," अक्का म्हणाली. "हे बघ आणि मला लिहून दे."

भाऊ म्हणजे आपले मामा. सख्खा भाचा एकच, पण त्या भाच्याच्या मित्रांनी हाक मारून मारून अख्ख्या गल्लीचे आणि निम्म्या कचेरीचे ते मामा झाले होते. धंदा हस्ताक्षरतज्ज्ञाचा. मृत्युपत्रावरची सही खरी की खोटी, निनावी पत्र कुणाच्या हातचं, हे सांगण्यात चाळीस वर्षं गेली. त्यांच्या शब्दावर माणसं आत गेली होती आणि बाहेर आली होती, आणि खोटा शब्द त्यांनी एकदाही दिला नव्हता. आता लोक हाताने लिहीतच नाहीत म्हटल्यावर मामांचं भिंग बहुतेक वेळ औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायच्या कामी यायचं.

अक्काला घाई होती, आणि तिची घाई मामांना ठाऊक होती. सुनेने न्यायालयात अर्ज दिला होता. सात वर्षं झाली, नवऱ्याला कायद्याने मृत ठरवा. गुरुवारी अकरा वाजता सुनावणी. आज सोमवार. अक्काने त्या अर्जाला विरोध नोंदवला होता, पण नुसत्या आईच्या विरोधाला तिथे कोण विचारतं? पुरावा हवा.

मामांनी सांगून पाहिलं की हे अक्षर नव्हे, हे कॉम्प्युटरवर छापलेलं आहे, यातलं मला ओ की ठो कळत नाही. अक्काने ऐकून घेतलं आणि मग म्हणाली की पस्तीस वर्षं मी पहिली-दुसरीच्या पोरांना शिकवलंय, माणूस कशानेही लिहो, त्याचा हात लपत नाही, हे तुलाच मी शिकवलंय. हे खरं होतं. धाकट्या भावाला पाटीवर पहिलं अक्षर तिनेच काढून दिलं होतं.

ती गेली तेव्हा तिच्या चपलांचा आवाजसुद्धा जिन्यात आला नाही, इतकी ती वाळली होती. मामांनी भिंग काढलं. पहिला कागद हातात घेतला आणि भिंग मध्येच थांबलं. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, गाळणी.

२

आता हे गाळणी प्रकरण सांगायला हवं.

भाचा बॅकएंड इंजिनिअर होता. म्हणजे पडद्यावर दिसणारी बटणं आणि रंग त्याचं काम नव्हे. आपण बटण दाबल्यावर मागे जी धावपळ चालते ती त्याची. नोकरी सांभाळून तो एका ओपन सोर्स प्रकल्पातही काम करायचा. ओपन सोर्स म्हणजे उघड्यावर मांडलेली प्रणाली: कुणीही वाचावी, कुणीही दुरुस्ती सुचवावी, राखणदार ती तपासून आत घेतो, आणि ज्याने केली त्याचं नाव तिथे कायमचं राहतं. पगार नाही, मानधन नाही. ही प्रणाली एका कॉम्प्युटरचा निरोप दुसऱ्याकडे पोहोचवायची, पलीकडून उत्तर आलं नाही तर थांबून पुन्हा पाठवायची. भाच्याने पाच वर्षांत तिचा कणाच बांधून दिला होता. त्यात एक खोड अशी की कोडमधल्या प्रत्येक डब्याला, खोक्याला तो घरातल्या भांड्यांची नावं द्यायचा. तपेली, झाकण, उलथणं, गाळणी. जगभरातले इंजिनिअर गाळणी म्हणजे काय हे न कळता गाळणी म्हणू लागले होते, आणि याची त्याला भारी गंमत वाटायची.

मामांनी प्रकल्पाच्या राखणदाराला फोन लावला. हा दूर दुसऱ्या शहरात राहणारा, पन्नाशीचा, बोलायला मोकळा माणूस. त्याने मान्य केलं की पहिली दुरुस्ती आली तेव्हा आपण खुर्चीवरून उठून उभे राहिलो. नाव काय, कुणीही कुणाचं लिहू शकतो, पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव लिहितात तसंच ते. पण ही दुरुस्ती भाच्याच्या खात्यातून, त्याच्या किल्लीने, म्हणजे त्याच्या गुप्त डिजिटल खुणेने आली होती. ती किल्ली त्याच्या लॅपटॉपवर असायची.

"मग तुम्ही चौकशी नाही केलीत?" मामांनी विचारलं.

राखणदार म्हणाला की काम चांगलं होतं, माणसं उरली नाहीत, प्रकल्प बंद पडायला आलाय. आणि खरं सांगायचं तर विचारायची भीती वाटली. एकदाच विचारलं, तेही कामाबद्दल. प्रत्येक दुरुस्तीत 'पाठवण्याआधी दोन सेकंद थांब' अशी एक ओळ होती, त्याने वेग मंदावत होता. ही कशाला, असं विचारलं तर उत्तर आलं, पूर्वीपासून तसंच आहे. मामांनी हे वहीत टिपून घेतलं आणि त्याचं काय करायचं ते न कळून पान उलटलं.

रात्रभर म्हणावं तर झोप लागली होती, पण ती झोप नव्हतीच. मंगळवारी सकाळी त्यांनी राखणदाराकडून मागवलेले भाच्याच्या जुन्या कामाचे कागद एका बाजूला आणि नवे तेवीस दुसऱ्या बाजूला मांडले. अर्थ कळत नव्हता, तेच बरं होतं. अर्थ कळला की माणूस हात बघायचं विसरतो. जुन्यात दर चार ओळींनी एक ओळ मोकळी, नव्यात तशीच. जुन्यात काम करण्याआधी काय बिघडू शकतं याची यादी, नव्यात तशीच. प्रत्येक दुरुस्तीच्या डोक्यावर एक वाक्य, आणि त्याची सुरुवात कायम 'का:' अशी. आपण हे का करतोय ते आधी सांगायचं आणि मग करायचं. चाळीस वर्षांत मामांनी इतके जुळणारे दोन हात क्वचित पाहिले होते.

दर मंगळवारी अक्का जेवायला यायची. मामी गेल्यापासून हा नेम होता. ती दहालाच येऊन स्वयंपाकाला लागायची आणि चार वाजता निघायची. आज ती आली ती दारातच उभी राहिली.

मामा म्हणाले, "अक्का, हात त्याचाच आहे गं."

अक्का उंबऱ्यावरच बसली. मामांना वाटलं, आता रडेल, देवाचं नाव घेईल, निदान विचारेल की मग कुठे आहे तो, जेवतो का, आपल्याला फोन का करत नाही. तिने यातलं काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "हे गुरुवारपर्यंत लिहून देशील?"

मामा हो म्हणाले. भाचा त्यांचाही होता. सायकलवर पुढे बसवून त्यांनी त्याला शाळेत सोडलं होतं. अक्का निघून गेल्यावर त्यांनी पांढरा कागद घेतला, वर आपलं नाव आणि हुद्दा लिहिला, आणि टेलिफोन वाजला. पलीकडे सून होती. आवाज अगदी शांत होता, आणि त्या शांतपणाचीच मामांना धास्ती वाटली.

"मामा, आईंनी मला आत्ताच फोनवर सांगितलं, तुम्ही लिहून देणार म्हणून. सही करू नका. आधी प्रोफेसरला भेटा. त्याने आमच्या माणसाचं सगळं काम चोरलंय."

३

प्रोफेसर म्हणजे भाच्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा सहकारी. वर्गात शिकवल्यासारखं बोलतो म्हणून ऑफिसने ठेवलेलं नाव. आता तो एका काचेच्या इमारतीत मोठ्या हुद्द्यावर होता. बुधवारी सकाळी त्याने मामांना कॉफीच्या मशीनशेजारी उभ्यानेच गाठलं, बसायची खोली दिली नाही.

मामांनी सुनेने पाठवलेला कागद पुढे केला. तो प्रोफेसरच्या नोकरीच्या अर्जाचा होता. अनुभव, शिक्षण, आणि त्याखाली ओपन सोर्समधलं योगदान: निरोप पोहोचवणाऱ्या प्रणालीतली पुन्हा-प्रयत्नाची सगळी यंत्रणा. भाच्याचं पाच वर्षांचं काम चार ओळींत आपल्या नावावर.

प्रोफेसरने हातातला कप मशीनवर ठेवून दिला. मग तो मामांना मीटिंगच्या रिकाम्या खोलीत घेऊन गेला, दार लावलं, आणि आढेवेढे न घेता कबूल झाला. दोघं मिळून विचार करायचे, पण लिहायचा भाचाच. भाचा गेल्यावर ऑफिस बंद पडलं. घरी दोन लहान मुलं होती, अकरा ठिकाणी नकार आला होता. बाराव्या अर्जात त्याने ते काम लिहिलं. मेलेला माणूस थोडाच तक्रार करणार आहे, असं वाटलं. त्याची लाज सात वर्षं पुरली आहे, असं तो म्हणाला, आणि मामांना ते खरं वाटलं.

"म्हणजे तो जिवंत निघाला तर तुम्ही बुडालात," मामा म्हणाले.

"बुडालोच. मग मी कशाला त्याला जिवंत करू?"

हे बिनतोड होतं. मामांनी नवे कागद टेबलावर पसरले आणि हे कुणी लिहिलं असेल ते सांगा म्हणाले. प्रोफेसरने पहिला कागद पाहिला, तसा त्याचा चेहरा उतरला. दुसरा, तिसरा. मग तो खुर्चीत मागे रेलला आणि त्याने डोळे पुसले, आणि मग पुन्हा पुढे वाकला. आता तो जे बघत होता ते वेगळं होतं. मामांना ती नजर ओळखीची होती. सही खरी वाटते आणि तरी काहीतरी टोचतं, तेव्हा आपण असेच बघतो.

तो म्हणाला की ही गंमत बघा. ज्या भाषेत हे लिहिलंय ती भाषा चार वर्षांपूर्वी बदलली. असं आता कुणी लिहीत नाही. मी नाही, राखणदार नाही. हे अगदी सात वर्षांपूर्वीच्या त्या आठवड्यातलं लिहिणं आहे, पुढे एक पाऊल नाही.

मामा ताठ बसले. हे त्यांना आधीच दिसायला हवं होतं. जिवंत माणसाचं अक्षर बदलतं. हात थकतो, घाई वाढते, वेलांटी आखूड होते, सही ओळखू येत नाही म्हणून बँका माणसांना परत पाठवतात. सात वर्षांत तसूभर न हललेला हात म्हणजे कुठल्याच जिवंत माणसाचा हात नव्हे. काल त्यांना तो जुळणारा हात दिसला, पण इतका कसा जुळतो, हे त्यांनी विचारलंच नाही. मामांनी चाळीस वर्षांत केली नव्हती ती चूक भाच्याच्या मायेने त्यांच्याकडून करवली.

"आणि ही ओळ," प्रोफेसर म्हणाला. त्याने दोन सेकंद थांबायच्या ओळीवर बोट ठेवलं. "ही त्याने लिहिणं शक्यच नाही."

आमचं ऑफिसही हीच प्रणाली वापरायचं, आणि तिथे एक जुनाट सर्व्हर होता, त्याने सांगितलं. सगळे त्याला म्हातारी म्हणायचे. घाई केली की म्हातारी अडखळून पडायची, म्हणून तिच्यासाठी भाच्याने ही ओळ घातली होती. तो प्रत्येक गोष्टीला 'का' लिहायचा, पण हिला लिहिलं नाही, कारण ऑफिसात सगळ्यांना ठाऊकच होतं. तो जाण्याच्या आधल्या आठवड्यात म्हातारी भंगारात गेली. त्या दिवशी त्याने टाळ्या वाजवल्या आणि दोन ठिकाणची ही ओळ लगेच खोडली. बाकीच्या पुढच्या आठवड्यात खोडतो म्हणाला होता.

"म्हणजे ज्याला म्हातारी माहीत होती, तो ही ओळ नव्याने लिहिणार नाही," मामा सावकाश म्हणाले.

"हे लिहिणारा माणूस आमच्या ऑफिसात कधी बसलेला नाही, मामा. त्याला हे सगळं येतं, पण फक्त तुमच्या भाच्याकडूनच. दुसऱ्या कुणाचं त्याने वाचलेलंच नाही. जे समोर होतं ते त्याने गिरवलंय, चुकीसकट."

मामा उठले आणि त्यांनी कागद गोळा केले. भाचा दुसऱ्यांदा गेला होता.

४

सून रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. शीतकपाटांची घरघर, काचेच्या नळ्यांच्या रांगा, आणि प्रत्येक नळीवर कुणाचं तरी नाव. दुपारच्या सुट्टीत तिने मामांना मागच्या खोलीत स्टुलावर बसवलं. पोळीचा डबा उघडला नाही.

मामांनी तिला सरळच विचारलं की हे तुझं काम आहे का. ती हसली, आणि त्या हसण्यात काही नव्हतं. म्हणाली, मामा, मला तो मेलेला हवाय, जिवंत असल्याचा पुरावा मी कशाला तयार करू? मग स्वतःच दचकली आणि तोंडावर हात ठेवून बसली. हात खाली घेऊन तिने सांगितलं. मुलगी अकरा वर्षांची झाली. शाळेच्या प्रत्येक कागदावर वडिलांची सही मागतात. तिला दुसऱ्या देशात नोकरी मिळतेय, पण मुलीचा पासपोर्ट वडिलांच्या संमतीवाचून होत नाही. वडील मेले म्हणावं तर दाखला नाही, जिवंत म्हणावं तर माणूस नाही. सात वर्षं ती ना सधवा ना विधवा. लोक हळदीकुंकवाला बोलवावं की नाही याची तिच्यासमोर कुजबुज करतात.

"आईंचं दुःख मला कळतं. पण माझ्या दुःखाला तर नावच नाही, मामा."

मामांना तिची नजर चुकवावीशी वाटली. त्यांनी खालीच बघत विचारलं की त्याचा लॅपटॉप कुठे आहे. अक्काने सोमवारी जाता जाता सांगितलं होतं, तो सुनेकडेच आहे.

सुनेने भुवया वर केल्या. लॅपटॉप? तो तर आईंनी पहिल्याच वर्षी नेला. फोटो बघायचे आहेत म्हणाल्या. मी पासवर्ड कागदावर लिहून दिला. परत मागायचा मला धीर झाला नाही.

मामांनी वही काढली. सगळे तेवीस कागद सकाळी अकरा ते दुपारी दीडमधले, म्हणजे सून कामावर आणि नात शाळेत असताना; या दोघींपैकी कुणाचं ते काम नव्हतं. सोमवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. त्यांनी दोनदा मोजलं. तीन महिन्यांत मंगळवारी एकही नव्हता. मंगळवारी दहा ते चार त्या हातांनी दुसऱ्या एका घरात स्वयंपाक केला होता, आणि मामा समोर बसून जेवले होते.

५

दिवेलागणीला मामा अक्काकडे गेले. दोन खोल्यांचं घर, दाराशी चपलांचा एकच जोड. तिने चहा टाकला. मामांनी काही न विचारता आतल्या खोलीत जाऊन कपाट उघडलं. चादरींच्या मागे लॅपटॉप होता. शेजारी वह्या होत्या, दोनशे पानी, सत्तावीस. त्यांनी एक उघडली. अक्काच्या गोल, शिक्षिकेच्या अक्षरात डाव्या पानावर भाच्याच्या कोडची एकेक ओळ होती, आणि उजव्या पानावर त्या ओळीचा अर्थ. पहिल्या वहीत अर्थाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं होती. पाचवीपासून ती कमी होत गेली होती.

अक्का दारात उभी होती. गॅस तिने बंद केला होता.

"म्हातारी म्हणजे काय, ठाऊक आहे तुला?" मामांनी विचारलं.

"मी म्हातारीच आहे."

मग मामांनी तिला त्या दोन सेकंदांची गोष्ट सांगितली. अक्का ऐकत राहिली. ती खाली बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. म्हणाली की इतकी वर्षं मला वाटायचं, या ओळीत काहीतरी खोल असणार. बाकी सगळ्याचं कारण लिहिलंय आणि हिचंच नाही, म्हणजे ही फार महत्त्वाची असणार. म्हणून मी ती कुठेच सोडली नाही.

पुढचं तिने आपणहून सांगितलं. पहिल्या वर्षी ती नुसती ती पानं उघडून बसायची, कारण मुलाने लिहिलेलं तेवढंच उरलं होतं. त्याची पत्रं नव्हती, डायरी नव्हती. मग तिला त्यात आपली तपेली दिसली, आपलं झाकण दिसलं. ज्याच्या हातावर हात ठेवून तिने मुळाक्षरं गिरवून घेतली होती, त्याचं लिहिलेलं आपल्याला वाचता येऊ नये? पहिलीतल्या पोरासारखी ती एकेक ओळ शिकत गेली. सहा वर्षं गेली. आणि यंदा एके दिवशी त्यात एक चूक दिसली.

"मी मास्तरीण आहे रे. पोराच्या वहीत चूक दिसली, ती तशीच ठेवू? मी दुरुस्त केली आणि पाठवली. नाव मी नाही घातलं. त्या लॅपटॉपने आपणच त्याचं नाव घातलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या पानावर, ते रोजच्या कामाचे चौकोन असतात ना, सात वर्षं सगळे करडे होते, त्यात एक हिरवा झाला." ती थांबली. "मला वाटलं, घरात दिवा लागला."

त्यानंतर तिला राहवेना. एकामागून एक चुका शोधून ती सुधारत गेली. सुनावणीची तारीख लागली तेव्हा तिला कळलं की आपल्या हातात काय आलंय. भावाचा शब्द न्यायालय मानतं. भाऊ हात ओळखेल, कारण हात खरंच त्याचा होता.

मामांना राग यायला हवा होता. त्यांनी आवाज चढवूनही पाहिला. म्हणाले, चाळीस वर्षांची माझी अब्रू तू वेशीवर टांगणार होतीस, तू मला फसवलंस.

"फसवलं," अक्का म्हणाली. "पण काल तू म्हणालास ना, हात त्याचाच आहे, तेव्हा मीही खरं मानलं रे. रात्री मी दाराची कडी काढून ठेवली होती."

मामा तिच्याशेजारी फरशीवर बसले, आणि दोघं भावंडं अंधार होईपर्यंत तशीच बसून राहिली. निघताना मामांनी तेवीस कागद तिच्यापुढे ठेवले आणि दोनच गोष्टी सांगितल्या. एक, ते उद्या न्यायालयात येतील, पण काही लिहून आणणार नाहीत. काय बोलायचं ते तिनेच ठरवावं, पण त्यांना विचारलं तर ते खरं तेच सांगतील. आणि दुसरी, राखणदाराचा दुपारी फोन होता. त्याला त्यांनी सगळं सांगितलं नव्हतं, एवढंच सांगितलं होतं की लिहिणारा भाचा नव्हे. तो म्हणाला, कुणीही असो, काम सोडू नका म्हणावं. फक्त आपल्या नावाने लिहा.

"माझ्या नावाने लिहिलं तर त्याचं पान कायमचं थांबेल," अक्का म्हणाली. मामा हो म्हणाले. त्यांच्याने खोटं बोलवलं नाही.

६

गुरुवारी न्यायालयाच्या वऱ्हांड्यात सून बाकाच्या एका टोकाला बसली होती आणि अक्का दुसऱ्या टोकाला. मध्ये मामा. वर पंखा फिरत होता आणि वारा कुणालाच लागत नव्हता. अक्काच्या मांडीवर पिशवी होती, पिशवीत तेवीस कागद. ते तिने आणले होते म्हणजे तिचा निर्णय झाला असणार, असं मामांना वाटलं. तिने ते कागद पुढे केले आणि आपल्याला विचारलं तर सख्ख्या बहिणीला सगळ्यांसमोर खोटं पाडावं लागणार होतं.

पुकारा झाला. आत टेबलामागे बसलेल्या न्यायाधीश बाई थकलेल्या होत्या, पण वाईट नव्हत्या. त्यांनी चष्मा वर करून विचारलं की आईंचा विरोध आहे असं दिसतं, त्यांच्याजवळ काही पुरावा आहे का.

अक्का उभी राहिली. तिने पिशवीत हात घातला. सून समोरच्या भिंतीकडे बघत होती, तिचे ओठ पांढरे पडले होते. अक्काने तिच्याकडे पाहिलं, आणि मामांना दिसलं की सात वर्षांत बहुधा पहिल्यांदाच ती तिच्याकडे नीट बघतेय. पोरीच्या कानामागे केस पांढरे झाले होते.

"हे काम मी केलेलं आहे," अक्का म्हणाली. कागद तिने टेबलावर ठेवले नाहीत, छातीशी धरले. "त्याने शिकवलं तेवढं केलं. पुढचं त्याला सुचलेलं यात काही नाही. असतं, तर मी ओळखलं असतं."

बाईंना यातलं काही कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, म्हणजे विरोध आहे की नाही.

"नाही."

मग विरोध मागे घेतल्याचा अर्ज भरावा लागेल, असं बाई म्हणाल्या आणि कारकुनाने एक छापील कागद पुढे सरकवला. सुनेने आपलं पेन दिलं. अक्का टेबलाशी वाकली. तिने नाव लिहिलं, वय लिहिलं, पत्ता लिहिला. चौथा रकाना आला तेव्हा पेन थांबलं. तिथे छापलेलं होतं, मयताशी नाते.

कारकून मदत करायला पुढे झाला, त्याला मामांनी हाताने थांबवलं. अक्काने तो छापील शब्द एकदा वाचला. ओठ हलले, म्हणजे बहुतेक दोनदा वाचला. मग तिने त्याच्यापुढे लिहिलं, आई, आणि पेन सुनेला परत दिलं.